सोळाव्या दिवसाची गोळी

आयुष्मान कार्ड दाखवलं की योजनेतल्या रुग्णालयात हृदयाच्या रुग्णाला पैसे न भरता भरती होता येतं. कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत. ऑक्टोबर २०२४ पासून तर सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, हे कार्ड मिळतं. योजना चांगली आहे, ती हवीच. पण तिचा एक नियम नीट वाचा : घरी सोडल्यानंतर पंधरा दिवसांपर्यंतची औषधं योजनेत. सोळाव्या दिवसापासून रुग्ण आणि त्याचं नशीब.

हृदय दुबळं झालेल्या माणसाच्या, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या रुग्णाच्या गोळ्या बहुतेक वेळा जन्मभराच्या असतात. त्यातल्या ज्या खरोखर आयुष्य वाढवतात, त्यांचा डोस पायरीपायरीनं वाढवत नेण्यात आठवडे जातात आणि हृदय सावरलेलं दिसायला महिने लागतात. सोळाव्या दिवशी उपचाराची जेमतेम सुरुवात झालेली असते. नेमका तेव्हाच सगळ्यांनी हात काढून घेतलेला असतो.

पैशाची अडचण खरी आहे, पण आज मला तिच्यापलीकडचं बोलायचं आहे. कारण गेल्या काही वर्षांत या गोळ्या स्वस्त होत गेल्या आहेत. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० साली संपलं, सॅक्युबिट्रिल-वलसार्टनचं जानेवारी २०२३ मध्ये, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. प्रत्येक वेळी देशी कंपन्या बाजारात उतरल्या आणि भाव कोसळले. मेटोप्रोलॉल आणि स्पायरोनोलॅक्टोन तर कधीचेच स्वस्त आहेत. तरीही गोळ्या बंद पडतात, आणि वेळेवर पेन्शन येणाऱ्या घरांतही बंद पडतात.

भोपाळच्या तुलसीनगरात आमच्या ओळखीचे एक काका आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून सुटून भोपाळला आली, तेव्हा सरकारी नोकरीपाठोपाठ जी मराठी घरं नागपुरातून इकडे आली, त्यातलं त्यांचं एक. वडील सचिवालयात, हेही सचिवालयात. उभी हयात फायलींवर टिपणं लिहिण्यात गेली, तेव्हा त्यांना अडाणी म्हणायची सोय नाही. इकोमध्ये हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलेलं, जे साधारण पंचावन्नच्या वर असायला हवं. त्यांनी स्टीलचा डबा उघडला आणि एकेक स्ट्रिप चादरीवर मांडली.

"ही बीपीची. माझं बीपी एकशे दहा. अजून खाली आणायचंय का?" बंद.

"ही शुगरची. मला शुगर नाहीच, हा बघ रिपोर्ट." बंद.

"ही पण बीपीची. दोन-दोन कशाला?" बंद.

"ही पाण्याची. हिचं काम मात्र चोख. पण बँकेत नाहीतर लग्नाला जायचं असलं की नाही घेत. वाटेत कुठे शोधत बसू?" ही सुरू, पण सोयीनं.

मी विचारलं, "काका, या कशाकशाच्या आहेत हे तुम्हाला सांगितलं कुणी?" दुकानातल्या मुलानं. पिशवी पुढे सरकवता सरकवता तो म्हणाला होता, "अंकल, ये बीपी वाली, ये शुगर वाली, ये पेशाब वाली." यात हृदयाचं नावही नव्हतं. आणि ज्या माणसाला बीपी नाही, शुगर नाही, त्यानं बीपीची आणि शुगरची गोळी बंद केली तर त्याच्या तर्कात चूक कुठे आहे? मला तरी सापडली नाही. तर्क बिनचूक, हाती आलेली माहिती खोटी.

काकांनी बीपीच्या म्हणून ज्या बाजूला सारल्या, त्यातली एक मेटोप्रोलॉल होती. हृदयाची ताकद कमी झाली की शरीराला वाटतं, रक्तच कमी पडतंय. मग ते अ‍ॅड्रेनॅलिन सोडतं, रक्तवाहिन्या आवळतं, मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतं. थकून बसलेल्या बैलाला चाबकानं झोडपत राहावं तसं हे चालतं : तो दोन पावलं पुढे जातो आणि आणखी खचतो. मेटोप्रोलॉल, रॅमिप्रिल, सॅक्युबिट्रिल-वलसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या तो चाबूक निरनिराळ्या बाजूंनी रोखतात. त्यांनी बीपी उतरतं हे खरं, पण इथे त्या बीपीसाठी लिहिलेल्याच नसतात. शुगरच्या म्हणून हिणवलेल्या डॅपाग्लिफ्लोझिनचीही तीच गत. २०१९ साली तिची मोठी चाचणी जाहीर झाली, त्यात हृदय दुबळं झालेले पावणेपाच हजारांच्या आसपास रुग्ण होते आणि निम्म्याहून अधिक जणांना मधुमेह नव्हता. फायदा दोघांनाही झाला. काकांना एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं, तर ती स्ट्रिप डब्याच्या तळाशी गेली नसती.

आता या सगळ्यातला जो भाग मला सर्वांत जास्त छळतो तो सांगते. रुग्णाचा विश्वास नेमका उलट्या गोळीवर बसतो, आणि तो का बसतो हे कळायला डॉक्टर असायची गरज नाही. टॉरसेमाइड किंवा फ्युरोसेमाइड घेतलं की तासाभरात लघवी होते, चार दिवसांत पायाची सूज उतरते, चप्पल पुन्हा पायात बसते, रात्री तीन उशा लागत होत्या तिथे एक पुरते. गोळीनं काम केलं हे डोळ्यांनी दिसतं. धाप लागलेल्या माणसाला ही गोळी हवीच. पण आयुष्य वाढवण्याचा भक्कम पुरावा आहे तो दुसऱ्या गोळ्यांच्या बाजूनं, आणि त्या सुरुवातीला काहीच दाखवत नाहीत. उलट मेटोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल सुरू केल्यावर पहिले काही आठवडे थकवा वाढू शकतो. रुग्ण म्हणतो, हिनं तर माझी होती नव्हती ती ताकद गेली. दुसऱ्या आठवड्यात गोळी बंद. फायदा पुढे यायचा होता, तिथपर्यंत तो पोचलाच नाही. "सुरुवातीला थकल्यासारखं वाटेल, सोडू नका, फारच वाटलं तर मला कळवा," हे वाक्य औषधाच्या डोसाइतकंच लिहून द्यायला हवं. खुद्द वैद्यकशास्त्रालाही ही गोष्ट पटायला वेळ लागला होता. स्वीडनमध्ये १९७५ साली पहिले प्रयोग झाले, तेव्हा दुबळ्या हृदयाला बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉलसारखी औषधं, देणं धोक्याचं मानलं जाई. मोठ्या चाचण्यांनी शंका फिटायला १९९९ उजाडलं. डॉक्टर मंडळींना जे पटायला चोवीस वर्षं लागली, ते रुग्णानं इंग्रजी चिठ्ठी पाहून पहिल्या दिवशी ओळखावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

स्पायरोनोलॅक्टोनची गोष्ट तर कुणी उघड बोलतच नाही. १९९९ च्याच एका चाचणीत, गंभीर रुग्णांत, या गोळीनं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांनी घटवलं. त्याच चाचणीत ती घेणाऱ्या पुरुषांपैकी दहाएक टक्क्यांना स्तन दुखणं किंवा वाढणं हा त्रास झाला. साठीचा पुरुष हे बायकोला सांगत नाही, मुलाला सांगत नाही, डॉक्टरांच्या खोलीत मागे रांग उभी असताना तर नाहीच नाही. तो गोळी सोडून देतो आणि कुणाला कळतही नाही. एप्लेरेनोन नावाची दुसरी गोळी आहे, तिनं हा त्रास क्वचितच होतो. फक्त विचारायला हवं होतं. रॅमिप्रिलच्या कोरड्या खोकल्याचंही असंच. खोकल्याचं औषध बाहेरून आणतात, महिना-महिना पितात, आणि शेवटी कुणीतरी शेजारी सांगतो म्हणून हृदयाची गोळी टाकून देतात. तिलाही पर्याय आहेत.

"बरं वाटतंय, आता थांबवू का?" हा प्रश्न तर घरोघरी. त्याचं उत्तर लंडनच्या डॉक्टरांनी शोधून ठेवलं आहे. ज्यांचं हृदय औषधांनी सावरलं होतं, इको सुधारला होता, त्रास नव्हता, अशा एक्कावन्न जणांची चाचणी त्यांनी घेतली. त्यातल्या पंचवीस जणांची औषधं देखरेखीखाली कमी करत बंद केली. सहा महिन्यांत अकरा जणांचं हृदय पुन्हा ढासळलं. ज्यांची औषधं चालू होती त्यांच्यात त्या काळात एकाचंही नाही. ही चाचणी २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. म्हणून "बरा झालो" याचा अर्थ पुष्कळदा "गोळ्या काम करताहेत" एवढाच असतो. स्टेंट टाकलेल्यांची समजूत आणखी पक्की : नळी उघडली, लाखाचं काम झालं, आता गोळ्या कशाला? पण नळी उघडल्यानं आधीच मेलेला स्नायू जिवंत होत नाही. उरलेला स्नायू या गोळ्यांच्या आधारानं चालतो.

डिगॉक्सिन अनेक डॉक्टर आठवड्यातून पाचच दिवस देतात. ते पाहून काहींनी बाकीच्या गोळ्यांनाही शनिवार-रविवारची सुट्टी देऊन टाकली आहे. एकादशीला, नवरात्रात उपाशीपोटी गोळी नको म्हणून डबा बंद. रमजानमध्ये दिवसभराची गोळी सरळ वगळलेली. यातल्या बऱ्याच गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून बदलून घेता येतात, पण उपास धरला हे सांगितलं तर ओरडा बसेल, म्हणून विचारतच नाहीत. पुण्य रुग्णाचं, धाक डॉक्टरांचा, आणि मध्ये हृदय उपाशी.

जे घेऊ नये ते मात्र बिनधास्त घेतलं जातं. गुडघा दुखला की आयब्युप्रोफेन नाहीतर डायक्लोफेनॅक, चिठ्ठीविना, कोपऱ्यावरच्या दुकानातून. ही वेदनाशामकं शरीरात मीठ-पाणी अडवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. सकाळी पाण्याची गोळी घेऊन बाहेर काढलेलं पाणी दुपारी गुडघ्याची गोळी परत आत कोंडते. मिठाबद्दल तर समजुतींचा बाजारच भरला आहे. सैंधव चालतं, ते उपासाचं, म्हणून निर्धोक. अहो, सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. आणि "कमी सोडियमचं" म्हणून जे महागडं मीठ मिळतं त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि रॅमिप्रिल शरीरातलं पोटॅशियम आधीच वाढवतात. ते फार वाढलं तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. म्हणजे जो रुग्ण सर्वांत जास्त काळजी घेतो, जाणूनबुजून चांगलं मीठ आणतो, त्यालाच जास्त धोका. पोह्यावरची शेव, लोणचं, पापड, नमकीनची पुडी यांना तर कुणी मिठात मोजतच नाही.

हे सगळं किरकोळ वाटत असेल तर तिरुवनंतपुरमचे आकडे पाहा. श्री चित्रा तिरुनाल संस्थेच्या पुढाकारानं २०१३ साली तिथल्या रुग्णालयांत हार्ट फेल्युअरनं भरती झालेल्या १२०५ रुग्णांची नोंद ठेवली गेली. सरासरी वय एकसष्ट. पाच वर्षांत त्यातले ५९ टक्के गेले. आणि हे केरळात, आरोग्यात देशाच्या पुढे असलेल्या राज्यात. ज्यांना सगळी योग्य औषधं मिळाली होती ते जास्त जगले, पण योग्य औषधं लिहून घरी पाठवलेले रुग्णच थोडे होते. तेव्हा दोष एकट्या रुग्णाच्या माथी मारून चालणार नाही. कधी गोळी लिहिलीच जात नाही, आणि लिहिली तर ती कशासाठी हे सांगितलं जात नाही.

भोपाळला तरी हे कळायला हवं. न सांगितल्याचे परिणाम या शहरानं जेवढे भोगले तेवढे कुणी भोगले नसतील. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री जो वायू सुटला तो काय होता, त्यावर उतारा काय, याची पुरती माहिती ना कंपनीनं दिली, ना सोडियम थायोसल्फेट द्यावं की नाही यावर सरकार आणि डॉक्टर यांचं एकमत झालं. माणसं डोळे चोळत, खोकत रांगेत उभी राहिली आणि हाती मिळाल्या त्या गोळ्या घेऊन घरी गेली. वायू पसरलेल्या वस्त्यांतल्या जुन्या लोकांकडे कागदांनी फुगलेल्या फायली आहेत. १९९६ पासून संभावना क्लिनिक आहे, २००० पासून भोपाळ मेमोरियल रुग्णालय आहे, वायुग्रस्तांची वेगळी सरकारी रुग्णालयं आहेत. औषधं मिळतात. पण चाळीस वर्षं गोळ्या खाल्लेला माणूस नव्या गोळीकडे संशयानं पाहतो, तेव्हा त्याला हट्टी म्हणण्याआधी जरा थांबा. त्याचा संशय अनुभवातून आला आहे. शिवाय त्याला धाप लागली की तो स्वतः, घरचे, कधी डॉक्टरही तिचा बोल त्या रात्रीला आणि फुप्फुसांना लावतात. पाय सुजले, आडवं पडलं की श्वास कोंडतो, तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं, तर हृदयाकडेही पाहायला हवं, हे त्याला कुणीतरी समजावून सांगायला हवं.

इंग्लंडचे रॉब हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली औषधांबद्दलच्या समजुती मोजायची एक प्रश्नावली केली. तिचं सार दोन प्रश्नांत येतं : ही गोळी मला खरंच हवी आहे का, आणि हिनं माझं काही बिघडेल का? पहिल्याचं पारडं जड असेल तर माणूस गोळी घेतो. दुसऱ्याचं जड झालं की सोडतो. आपल्याकडे पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणी देत नाही. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मात्र सगळे हजर : किडनी जाईल, सवय लागेल, फार गरम पडतात, अमक्याच्या मेव्हण्याला काय झालं ठाऊक आहे ना. मग पारडं कुठे झुकणार? आणि ही आपल्या गरिबीची, कमी शिक्षणाची भानगड आहे असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ सालीच सांगितलं होतं की श्रीमंत देशांतही दीर्घ आजाराची औषधं नेमानं घेणारे सरासरी निम्मेच.

आपल्या कायद्यांकडे पाहिलं तर तिथे रुग्णाची आठवण ठेवलेली आहे, कागदावर. फार्मसी कौन्सिलच्या २०१५ च्या नियमांत नोंदणीकृत फार्मासिस्टनं रुग्णाला औषध कशासाठी आहे, कसं घ्यायचं हे समजावणं हे त्याचं काम म्हणून लिहिलेलं आहे. किती दुकानांत गल्ल्यामागे खुद्द फार्मासिस्ट उभा असतो, हे वाचकांनीच आठवून पाहावं. ऑगस्ट २०२३ पासून तीनशे खपाच्या ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. मोबाइल धरला की औषधाचं नाव, कंपनी, पत्ता, बॅच, मुदत, परवाना क्रमांक सगळं दिसतं. गोळी कशाची, हे त्या सक्तीच्या यादीत नाही. बनावट औषध ओळखायला ही सोय उपयोगाची आहे, मी तिला नाव ठेवत नाही. पण एवढी यंत्रणा उभी करताना "हृदयाच्या ताकदीसाठी" असे दोन शब्द हिंदीत, मराठीत बसवता आले नसते का? डिस्चार्ज कार्डावर गोळीचं नाव, डोस, वेळ असे तीन रकाने असतात. चौथा रकाना "कशासाठी" असा छापायला किती शाई लागेल? तो भरायला डॉक्टरांना वेळ नाही म्हणाल, तर नर्सला सांगा, आशाताईंना सांगा. भारतातल्या चौदा रुग्णालयांत, हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या आठशेच्या आसपास रुग्णांवर हा प्रयोग झालेला आहे. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी त्यांना भेटून औषधांबद्दल बोलत राहायचं, एवढंच. २०१६ साली निष्कर्ष आले : वर्षानंतर त्यांच्या रुग्णांत गोळ्या टिकून राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. त्यासाठी काही मोठं यंत्र लागलं नाही.

डॉक्टरांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. "दवाई क्यों बंद की?" हा प्रश्न ओरडून विचारला की रुग्ण पुढच्या वेळी खोटं बोलतो. मग तुम्ही त्याच खोट्यावर डोस वाढवता, आणि एक दिवस तो भिऊन खरंच सगळ्या गोळ्या एकदम घेतो, बीपी पडतं, तो घेरी येऊन कोसळतो. त्याऐवजी "या महिन्यात कोणती गोळी राहून गेली?" असं विचारा. आणि रुग्णांना : उलट्या-जुलाब झाले, मे महिन्यात ऊन लागून अंगातलं पाणी कमी झालं, तर काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, हे आधीच विचारून लिहून ठेवा. बंद करायचं झालं तर विचारून करा, मेव्हण्याला नव्हे, डॉक्टरांना.

१६ ऑक्टोबर २०२२ ला याच भोपाळमध्ये एमबीबीएसच्या हिंदी पुस्तकांचं प्रकाशन झालं, देशाचे गृहमंत्री आले होते, मोठा समारंभ झाला. डॉक्टरी शिकणाऱ्या मुलांना त्यांच्या भाषेत शरीर समजावं, ही गोष्ट मला मनापासून पटते. ती मुलं २०२७ नंतर इंटर्न म्हणून हमीदियाच्या, राज्यातल्या इतर सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात बसतील. वैद्यकीय शिक्षण विभागानं त्यांच्या कामात आत्ताच एक काम घालावं : हृदयाच्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडताना त्याच्याजवळ बसायचं, एकेक स्ट्रिप हातात धरायची, पेनानं तिच्या पाठीवर हिंदीत, मराठी घर असेल तर मराठीत, ती कशासाठी ते लिहायचं. मग त्यालाच विचारायचं, "आता मला सांगा, ही कशाची?" त्याला सांगता आलं की मगच डिस्चार्ज कार्डावर सही करायची.